काढून टाकलेल्या सात ओळी

"हॅलो?… हॅलो, टिल्लू?… मी बोलतेय. ताई… हो, ताईच. का, माझा नंबर पुसून टाकलास?… बरं, असू दे. ठेवू नकोस. पाच मिनिटं ऐक फक्त, मग हवं तर खुशाल ठेव."

ऑफिसातल्या झेरॉक्सच्या खोलीत ती उभी होती. दार पाठीनं लोटून धरलेलं, लॅपटॉप मशीनच्या झाकणावर, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला. चौदा महिन्यांनी ती धाकट्या भावाशी बोलत होती, आणि तेही अडली म्हणून. हे तिला कळत होतं. त्यालाही कळलं असणार.

"नाही रे, मी बरी आहे. घरी सगळे बरे आहेत… आईचं कशाला काय असेल, आई तुझ्याकडेच आहे ना? मग मला काय विचारतोस?… मापट्याचं काम आहे… हो, मापटं. आपलं मापटं… बरं बाबा, माझं. माझं मापटं! झालं समाधान?"

मापटं ही दोघांनी मिळून वाढवलेली गोष्ट होती. छोट्या छोट्या दवाखान्यांसाठी फुकट प्रोग्राम लिहिणारी हौशी माणसांची एक मंडळी होती. कोणी नोकरी सांभाळून, कोणी घर सांभाळून. सगळा कोड उघडा. कोणीही बघावा, कोणीही दुरुस्ती सुचवावी. प्रत्येक दवाखान्याची गरज वेगळी, पण बाळाला काट्यावर ठेवलं की वजन वाचायचं आणि त्यावरून औषध किती द्यायचं ते काढायचं, हे काम सगळीकडे सारखंच. ते पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? म्हणून या बहीणभावांनी तेवढ्याच कामाची एक सामायिक लायब्ररी, म्हणजे कोणत्याही प्रोग्रामला जोडता येणारा तयार कोड, लिहिली आणि तिला नाव दिलं 'मापटं'. आज त्रेचाळीस प्रोग्राम तिच्या जिवावर चालत होते.

"सकाळी एका दवाखान्यातल्या सिस्टरचा मेसेज आला. बाळ काट्यावर ठेवलं, बाळ साडेसात किलोचं. स्क्रीनवर आलं पंचाहत्तर… पंचाहत्तर, हो. किलो… हसू नकोस, टिल्लू!… नाही, औषध दिलं नाही तिनं. बाळ तिच्या मांडीवरच होतं, तिला दिसलं ना. पण चार किलो दोनशेचं बाळ असेल तर? बेचाळीस दिसणार. बेचाळीस किलोचं माणूस असतं रे! ज्यानं बाळ बघितलंच नाही, नुसता आकडा बघून बाटलीत औषध ओतलं, त्याला काय कळणार?… हो. दहापट. तेच सांगतेय."

 आता तो ऐकत होता.

"काल रात्री नवी आवृत्ती सोडली… मी. मी आणि मास्तरांनी. रात्रीतून सगळ्यांच्या मशिनांनी ती आपोआप उचलली… हो, सकाळी नऊलाच सगळ्यांना कळवलं, हातानं वजन करा, मशीनवर विश्वास ठेवू नका म्हणून. त्रेचाळीसांपैकी बेचाळीस जणांचं उत्तर आलं. एकाचं नाही… फिरता दवाखाना. त्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन डोंगरात हिंडतात ना, त्या. फोन लागत नाहीये… मला काय माहीत किती मुलं तपासली असतील! दर दहा मिनिटांनी लावतेय मी."

दारावर टकटक झाली. हिशोब खात्यातल्या बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या.

"या ना, या. नाही, नाही, लॅपटॉप उचलते मी… दोन प्रती? घ्या ना… नाही रे, तुला नाही. ऑफिसात आहे मी. तू बोल."

मशीन घरघरलं, हिरवा उजेड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला. लॅपटॉप छातीशी धरून ती कोपऱ्यात कागदाच्या गठ्ठ्यांना टेकून उभी राहिली. बाई कागद सारखे करत, तिच्याकडे एकदा निरखून बघत गेल्या.

"हं, गेल्या… काम काय म्हणजे? दुरुस्त करायला हवं, आणि तो वजन वाचायचा भाग तुझा आहे. तू लिहिलायस. म्हणजे चूक… अरे, मी तुझ्यावर ढकलत नाहीये! मी फक्त म्हणतेय, तो भाग तुझा… काटा? कुठला काटा म्हणजे? जुनाच, करड्या रंगाचा, चौकोनी. सिस्टरनं फोटो पाठवलाय… त्याचं काय?… कुठल्या सात ओळी?"

ती थांबली. एका हातानं लॅपटॉप पुन्हा झाकणावर ठेवला, बोट पॅडवरून वर सरकवत नेलं.

"थांब, बघते… वजनाच्या फाइलमध्येच ना? नाही दिसत… अरे नाहीत म्हणतेय ना. स्वल्पविरामाचं काय?… हळू सांग… तो काटा टिंब पाठवतच नाही? टिंबाच्या जागी स्वल्पविराम पाठवतो? म्हणजे सात, स्वल्पविराम, पाच. आणि आपला कोड स्वल्पविराम दिसला की गाळून टाकतो, मोठ्या आकड्यांतला हजाराचा समजून… सात, पाच. पंचाहत्तर."

हे ती इतक्या हळू म्हणाली की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"हो, ऐकतेय… थांब. इतिहास उघडतेय."

मापट्यातली प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कोणी बदलली, कोणी पुसली, सगळं तारीखवार नोंदलेलं असायचं. त्या सात ओळींपुढे भावाचं नाव होतं, सहा वर्षांपूर्वीचं. आणि त्यांच्या खाली लाल रेघ, कालची तारीख, आणि पुसणाऱ्याचं नाव. 'साफसफाई', असं कारणही लिहिलं होतं. नाव तिचंच होतं.

तिला चौदा महिन्यांपूर्वीचा तो दिवस आठवला. महिन्याची ऑनलाइन बैठक, अकरा जण. त्या सात ओळी तिनं मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या आणि म्हणाली होती, "हा काय कोड आहे की उकिरडा?" दोघं-तिघं हसले होते. टिल्लूच्या चौकटीतला चेहरा गेला, काळी चौकट उरली, आणि तो परत आलाच नाही. काल, सगळं कसं लख्ख करायचं या झपाट्यात, तिनं त्या ओळी उचलून फेकल्या. मशीन कोडची आपोआप करतं त्यातली एकही तपासणी अडली नाही. आवृत्तीवर दुसरी सही करणाऱ्या, मंडळीतल्या वयस्कर मास्तरांनी तिच्यावर भरवसा ठेवून न वाचताच सही केली.

"टिल्लू… मी काढल्या. काल… हो, मीच. माझंच नाव आहे इथं… बोल ना काहीतरी. ओरड हवं तर."

तो फक्त 'का?' एवढंच म्हणाला. ते जास्त जड गेलं.

"का म्हणजे… मला वाटलं तू उगाच गबाळं लिहून ठेवलंयस. सात ओळी, वर एक वाक्य नाही, कशासाठी आहेत कळायला मार्ग नाही. लिहायचंस ना, बाबा रे, की अमुक काट्यासाठी!… हो. मी विचारलं नाही. बरोबर आहे… नाही विचारलं. सहा वर्षांत एकदाही नाही."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा बावीस झाले होते.

"हे बघ, भांडण नंतर करू. दर तासाच्या ठोक्याला दवाखान्यांची मशिनं नवी आवृत्ती आली का ते बघतात. बाराच्या आत सोडली तर बारा वाजता सगळीकडे पोचेल. दुपारी लहान मुलांची तपासणी असते… मी तुझ्या ओळी परत टाकल्यायत, आत्ता, बोलता बोलता. पण सोडायला दोन चाव्या लागतात… हो, माहितीय नियम मीच केलाय! त्यासाठीच तर फोन केलाय. एक माझी, दुसरी मास्तरांची. आणि मास्तर विमानात बसलेत नातवंडांना भेटायला, संध्याकाळपर्यंत उतरत नाहीत… तिसरी तुझी. काढली नाही मी. कोणी सांगितलं काढली?… चौदा महिने तुझं नाव आहे तिथंच आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठाय चावी तुझी? ती निळी, बोटाएवढी, लॅपटॉपला लावायची… आठवत नाही म्हणजे? टिल्लू! … खणात बघ. जुन्या बॅगेत बघ… बरं, बघ तू, मी आहे. फोन ठेवू नकोस हं. हॅलो?… हॅलो?… आई?"

तिनं कपाळ झेरॉक्सच्या कोमट झाकणावर टेकलं.

"हो आई, मीच… अगं, भांडत नाही आहोत. नाही, तो रडत नाहीये, चावी शोधतोय… हो, जेवले. म्हणजे जेवेन. आई, ऐक ना, त्याला शोधू दे… वाळले वगैरे काही नाही, तू मला फोनवरून कसं बघितलंस?… लायब्ररीचंच काम आहे… नाही गं, पुस्तकांची नाही! कितीदा सांगितलं. आणि तू शेजारच्या काकूंना सांगितलंस मी ग्रंथपाल आहे म्हणून… बरं, असू दे, ग्रंथपाल तर ग्रंथपाल. अगं ऐक ना…"

पण आईला चौदा महिन्यांचं बोलायचं होतं. पोटच्या दोन पोरांमधलं मौन तिनं एकाच्या घरात राहून आणि दुसरीशी फोनवर बोलून सोसलं होतं, आणि आज दोन्ही पोरं एका तारेवर सापडली होती.

"हो… हो, आई. मोठी आहे मी, समजून घ्यायला हवं होतं… हो, तोही हट्टी आहे, पण मोठी मी आहे. कळलं. आई, अकरा पस्तीस झालेत गं… लहान मुलांच्या औषधाचं काम आहे, चुकीचं औषध जाईल… हं, तेच. म्हणून चावी हवीय त्याची… लोखंडाची नाही, निळी, बोटाएवढी, चपटी… काय?… कुठं लावलीस?"

ती ताठ उभी राहिली.

"खुंटीवर? कपाटाच्या किल्ल्यांबरोबर?… हो, म्हणजे तो म्हणाला चावी आहे, म्हणून तू चाव्यांच्या खुंटीला लावलीस. बरोबरच आहे तुझं! अगं सगळ्यात बरोबर तूच आहेस! … मग त्याला हाक मार ना, तो सगळं घर उपसतोय! काखेत कळसा आणि गावाला वळसा… मार हाक, आई. मोठ्यानं!"

फोनमध्ये लांबून आईची हाक ऐकू आली, मग पावलं, मग किल्ल्यांचा जुडगा खणखणला. इतका गोड आवाज तिनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"मिळाली?… लाव. लाव आणि सांग… धूळ पूस आधी. शर्टाला पूस, काय होतंय… परवलीचा शब्द? अरे तो मी कसा सांगणार, तुझा आहे तो!… चुकला? किती वेळा विचारतं?… तीन. मग दोन उरलेत. थांब, घाई करू नकोस… शांतपणे. पाणी पी. तेव्हा काय ठेवला असशील तू? आपण तेव्हा वरच्या माळ्यावर बसून लिहायचो… नाही, मला नको सांगूस, गुपित असतं ते… बरं, हसतोस कशाला?… लागला? लागला!"

अकरा सेहेचाळीस. बाहेर कोणीतरी दाराची मूठ फिरवून बघितली. तिनं पाय दाराला लावला.

"आता वाच… नाही, सही नको करूस लगेच. वाच आधी. पूर्ण वाच. मास्तरांनी न वाचता केली, तिथंच तर घोड्यानं पेंड खाल्ली… हो, घड्याळ दिसतंय मला. तरी वाच."

चार मिनिटं तो वाचत होता. ही चार मिनिटं तिला सकाळपेक्षा मोठी गेली. ती गठ्ठ्यातल्या एका कोऱ्या कागदाची उगाच घडी घालत राहिली.

"काय?… कुठं? रिकाम्या जागेचं?… हो रे. स्वल्पविरामानंतर मध्ये रिकामी जागा आली तर पुन्हा फसेल. तुझ्या ओळीत ते होतं, मी परत टाकताना सुटलं. केलं… केलं, बघ आता… ठीक? मग कर सही… माझी झाली. तुझी?… थांब, फिरतंय… फिरतंय अजून…"

अकरा त्रेपन्नला स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"गेली! टिल्लू, गेली… हो, सगळीकडे. बाराला उचलतील."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बेचाळीस म्हणजे त्रेचाळीस नव्हेत.  इतक्यात कानापाशी फोन थरथरला.

"त्यांचाच फोन! डॉक्टरीणबाई… तू ठेवू नकोस. थांब, इथंच थांब हं… हॅलो? हॅलो, डॉक्टर, मीच, हो… माझा मेसेज मिळाला? आत्ता मिळाला? रेंज नव्हती… मशीननं सांगितलेलं औषध दिलंत कोणाला?… किती वाजता?… केवढं बाळ?… चार किलो शंभर."

तिच्या हातातला कागद खाली पडला.

"दिलं?… म्हणजे कपात ओतून हातात दिलं, मग?… आईनं? बाळाच्या आईनं नाही पाजलं?… काय म्हणाली?… 'एवढ्याशा जिवाला एवढं?'… आणि कप तसाच परत ठेवला तुमच्या टेबलावर… हो. हो, डॉक्टर… तुम्ही मग हातानं वजन केलंत… नाही, तुमची चूक नाही. ऐका माझं, तुमची अजिबात नाही. आकडा आमच्या मशीननं चुकीचा सांगितला. आकडा मी चुकवला… मी, हो. सगळ्यांना पत्र लिहितेय आजच. त्या आईला सांगा… नाही, काय सांगणार. बाळ बरं आहे ना? झोपलंय? … बरं. बरं. ठेवते."

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, कागदाच्या गठ्ठ्याशेजारी, ऑफिसची साडी चुरगळली तरी तिला भान नव्हतं.

"टिल्लू? आहेस?… पाजलं नाही. कप हातात दिला होता, पण तिनं पाजलं नाही… रडत नाहीये. नाक चोंदलंय… कोण ती, मला काय माहीत. कोणीतरी आई. तुझ्या-माझ्या त्रेचाळीस प्रोग्रामांपेक्षा शहाणी… हो. नशीब म्हण. पण उद्याही नशीबच लागेल असं नको व्हायला."

मग बराच वेळ दोघंही कामाचं बोलत राहिले. तेवढं एकच त्यांना न अडखळता येत होतं. सांगता सांगता ती टाइप करत होती: त्या सात ओळींवर आता एक वाक्य बसलं, काही जुने काटे टिंबाऐवजी स्वल्पविराम पाठवतात, या ओळी काढू नयेत. मग तिनं अशाच चुकीच्या वजनांची एक नवी तपासणी लिहून मंजुरीसाठी ठेवली, म्हणजे पुन्हा कोणी साफसफाई करायला गेलं तर मशीनच हात धरेल.

"पत्र वाचून दाखवते. ऐक. 'काल सोडलेल्या आवृत्तीत वजन चुकीचं दाखवलं जात होतं. ते माझ्यामुळे झालं. ज्या ओळींचं कारण मला ठाऊक नव्हतं त्या मी विचारल्याशिवाय काढल्या.' पुढे… तुझं नाव कशाला नको? 'मूळ ओळी ज्यानं लिहिल्या त्याला कारण ठाऊक होतं', असं लिहिलंय. त्यात तुझं नाव आलंच… तूही लिहायला हवं होतंस, हे मान्य. पण ते तू लिही, तुझ्या पत्रात. हे माझं आहे."

पलीकडे आई काहीतरी विचारत होती. तो तिला 'हो, हो' म्हणत असावा.

"आणखी एक. त्या दिवशी… अरे बोलू दे ना! अकरा जणांसमोर जे बोलले ते बोलायला नको होतं. एकांतात सुद्धा बोलायला नको होतं. झालं. हे चौदा महिने बोलायचं राहिलं होतं… बरं, तू काही म्हणू नकोस. मी उत्तर मागत नाहीये."

बाहेर कोणीतरी तिच्या नावानं विचारत फिरत होतं. साहेब असावेत. ती उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या.

"परत येशील का?… मास्तर वाचत नाहीत रे. प्रेमानं सही करतात. तू वाचतोस. तोंड वाकडं करून वाचतोस, पण वाचतोस… नको? … नोकरी, हो… आईचं बघायचं, हो… बरं. नाही, राग नाही. खरंच नाही. एकदा नाही म्हणालास, मी पुन्हा विचारणार नाही. चावी तेवढी खुंटीवर…"

लॅपटॉप टिंग वाजला. तिनं वाकून पाहिलं. मंजुरीसाठी ठेवलेल्या नव्या तपासणीखाली कोणीतरी शेरा लिहिला होता. वेळ आत्ताची. त्या नावाचा याआधीचा शेरा चौदा महिन्यांपूर्वीचा.

"हे काय?… तू फोनवर माझ्याशी बोलता बोलता… 'नववी ओळ. वजनच्या जागी वचन लिहिलंय. सुधारल्याशिवाय सही करणार नाही.' … अरे गाढवा! … काही नाही, वाचतेय… हो, वचनच लिहिलंय, दिसतंय मला. साहेब दारात आलेत… नाही, नंतर नाही. आधी सुधारते, मग जाते. तू तिथंच थांब. ठेव आता फोन, मला दोन्ही हात लागतील."